नोंद आधी, अहवाल नंतर

मुरबाड तालुक्यातल्या धसई या बाजारपेठेच्या गावाचे नाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यभर गाजले. नोटाबंदीला तीन आठवडे झाले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली आणि तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. पुढच्या काळात वर्तमानपत्रांनी तिथे पुन्हा चक्कर मारली, तेव्हा बहुतेक व्यवहार रोखीवर परतलेले दिसले. रेंज मिळत नाही, वीज जाते, बँक शुल्क कापते ही कारणे सांगितली गेली आणि ती खरीच होती. पण त्यात आणखी एका कारणाची भर घालता येते. त्या यंत्राला फक्त रक्कम कळत होती. काय विकले, कोणत्या गावच्या माणसाने नेले, माल किती उरला, यांतले काहीच त्याच्याजवळ जमा होत नव्हते. पैसे गल्ल्यात येण्याऐवजी खात्यात आले, पण दुकानदाराच्या माहितीत काडीचीही भर पडली नाही. जे साधन सवय बदलायला लावते आणि बदल्यात काही सांगत नाही, ते अडचण येताच बाजूला पडते. दुकानाचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लागते. शहापूर-मुरबाडच्या अनेक दुकानांत टॅली, मार्ग, बिझी किंवा व्यापारसारखे काहीतरी असते, पण त्याचे काम बिल छापणे आणि महिनाअखेरीला कर सल्लागाराला फाइल पाठवणे एवढ्यावर थांबते. हे सॉफ्टवेअर आपल्या दुकानासारखे करून घेता येते आणि त्यासाठी अहवालाच्या आधी नोंद बदलावी लागते, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

हिशेबाचे प्रत्येक साधन कोणाच्या तरी प्रश्नातून जन्माला आले आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहरात जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाने १८७९ मध्ये पैसे मोजणारे गल्लायंत्र बनवले, कारण नोकर पैसे लाटतात असा त्याला संशय होता. प्रश्न चोरीचा असल्यामुळे यंत्राने प्रत्येक विक्रीची रक्कम सर्वांना दिसेल अशी दाखवली. गिऱ्हाईक कोण, माल कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. बारकोड १९७४ मध्ये ओहायोतल्याच ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा वाचला गेला. तिथला प्रश्न रांग लवकर पुढे सरकवण्याचा आणि कंपनीच्या पॅकबंद मालाचा साठा मोजण्याचा होता. आपल्याकडे १९८६ मध्ये गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीतून टॅली आले. त्याचा पाया जमाखर्चाचा, म्हणजे रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंदाचा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि या सर्व सॉफ्टवेअरांवर आणखी एक थर चढला: एचएसएन क्रमांक, कराचे दर, विवरणपत्रे. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर उघडताच जे अहवाल समोर येतात, ते कर अधिकाऱ्याच्या आणि सनदी लेखापालाच्या प्रश्नांना चोख उत्तर देतात. दुकानदाराचे प्रश्न मात्र निराळे असतात. यंदा लावणीच्या आधी किती गोण्या भरून ठेवू? कोणत्या पाड्याची उधारी भात विकल्यावर येईल आणि कोणाची वीटभट्टीवरून परतल्यावर? यात्रेसाठी आणलेला माल खरोखर यात्रेत गेला का? हे प्रश्न कोणी घालून दिलेले नसल्यामुळे त्यांची उत्तरेही तयार नसतात. आणि अहवाल म्हणजे नोंदींची मांडणी. जे नोंदलेच नाही, ते कितीही देखणा तक्ता काढला तरी त्यात उगवत नाही.

आधी या भागाचे वर्ष पाहू. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. पाऊस भरपूर, खरिपाचे भात हे मुख्य पीक, तानसा-भातसासारखी मुंबईची तहान भागवणारी धरणे याच परिसरात. एका अंगाला आसनगाव-कसाऱ्यापर्यंतची लोकल आणि मुरबाडची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे. एकाच दुकानात त्यामुळे तीन प्रकारचा पैसा येतो. नोकरदाराचा पैसा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. भातकऱ्याचा पैसा कापणी-झोडणी आटोपून भात विकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर येतो. शहापूर भागात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घातले, तर रक्कम बँकेत जमा होईपर्यंत आणखी थांबावे लागते. वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराचा पैसा दोनदा हलतो: दिवाळीच्या सुमाराला भट्टीवाल्याकडून उचल मिळते तेव्हा आणि पावसाच्या तोंडावर कुटुंब परतते तेव्हा. पावसाळ्याचे मधले महिने या घरांना सर्वात कठीण जातात आणि दुकानातली उधारीही त्याच महिन्यांत फुगते. सॉफ्टवेअरचे वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपते आणि त्याचा महिना १ तारखेला उजाडतो. या दोन वर्षांची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते.

ही गाठ घातली नाही तर अहवाल सरळ दिशाभूल करतो, याचा पुरावा पंचांगातच आहे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना हा सर्वात जास्त पाहिला जाणारा अहवाल. तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये धंदा वाढल्याचे आणि सप्टेंबरमध्ये पडल्याचे दाखवील, धंदा जागचा हलला नसला तरीही. दिवाळीचे तेच. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. पहिल्या वर्षी दिवाळीची बरीच खरेदी नोव्हेंबरात पडली, पुढच्या दोन वर्षी ती ऑक्टोबरात गेली. मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. ही पौर्णिमा २०२४ मध्ये २५ जानेवारीला, २०२५ मध्ये १३ जानेवारीला आणि २०२६ मध्ये ३ जानेवारीला आली. इथे महिना बदलला नाही म्हणून विक्रीची तुलना चुकत नाही, पण खरेदीची चुकते: ३ जानेवारीच्या यात्रेचा माल डिसेंबरातच भरावा लागतो. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्ने लागत नाहीत, मात्र जावयाच्या वाणाची खरेदी होते. भांड्यांच्या आणि कापडाच्या दुकानाने आधीच्या वर्षाचा मे-जून समोर ठेवून माल भरला, तर नको तो माल साचेल आणि हवा तो कमी पडेल.

यावरचा उपाय सोपा आहे आणि त्याला प्रोग्रामर लागत नाही. टॅलीच्या बहुतेक सारांश-अहवालांत हवी ती तारीख ते हवी ती तारीख असा काळ निवडता येतो आणि ऑल्ट-सी दाबून शेजारी वेगळ्या काळाचा नवा रकाना उघडता येतो. जुनी वर्षे फोडून स्वतंत्र ठेवलेली नसतील, तर २९ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर २०२३, १७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर २०२४ आणि ६ ऑगस्ट ते २७ ऑगस्ट २०२५ हे तीन काळ, म्हणजे चतुर्थीआधीचे तीन-तीन आठवडे, एकाच पडद्यावर येतात. आता तुलना समान गोष्टींची झाली. यात नोंदीच्या बाजूने एकच काम करावे लागते. कोणता माल कोणत्या निमित्ताने खपतो, हे मालाच्या खात्यावर आधीच लिहिलेले असावे लागते. टॅलीत मालाचा गट आणि मालाचा प्रवर्ग अशा दोन स्वतंत्र वर्गवाऱ्या आहेत. गटात ‘तेल’, ‘कडधान्य’, ‘प्लास्टिक’ असे नेहमीचे विभाग ठेवावेत आणि प्रवर्गात ‘लावणी’, ‘गणपती’, ‘दिवाळी’, ‘लग्नसराई’, ‘यात्रा’, ‘बारमाही’ अशी निमित्ते. ताडपत्री गटाने प्लास्टिकमध्ये राहते, प्रवर्गाने लावणीत. हे काम एकदाच करायचे असते, पण त्यानंतर कोणत्याही वर्षाचा कोणताही हंगाम वेगळा काढून पाहता येतो.

उधारीच्या बाबतीत तयार अहवाल आणखीच आंधळा ठरतो. थकबाकीचा वयानुसार तक्ता साधारणतः ३०, ६०, ९० दिवसांच्या टप्प्यांत पाहिला जातो. शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याला तो बरोबर वाटेल. इथे मात्र जूनमध्ये बियाणे-खत नेलेल्या भातकऱ्याचे नाव सप्टेंबरअखेर ‘९० दिवसांच्या वर’ या रकान्यात बसते आणि तो बुडव्या दिसू लागतो. प्रत्यक्षात पैसे देण्याचा त्याचा वायदा डिसेंबरचा असतो. उलट, दहा तारखेला पैसे देणारा नोकरदार चाळीस दिवस फिरकला नाही, तर ते काळजीचे लक्षण असूनही तक्त्यात तो निर्धास्त भासतो. सॉफ्टवेअरमध्ये बिलवार उधारी चालू केली की प्रत्येक बिलावर दिवसांची मुदत किंवा थेट देय तारीख टाकता येते आणि थकबाकीचे वय बिलाच्या तारखेपासून न मोजता देय तारखेपासून मोजता येते. भातकऱ्याच्या बिलावर ३१ डिसेंबर, नोकरदाराच्या बिलावर पुढची १० तारीख, भट्टीच्या मजुराच्या बिलावर परस्पर ठरलेला दिवस, एवढे लिहिले की तक्ता शहाणा होतो. दुसरा बदल खात्यांच्या मांडणीचा. गिऱ्हाइकांची खाती आद्याक्षराने एकाखाली एक लावण्याऐवजी देणेकऱ्यांच्या मूळ गटाखाली गाव किंवा पाडा असे उपगट केले, तर किन्हवली, डोळखांब, टोकावडे, सरळगाव अशी गावनिहाय बाकी एका क्षणात समोर येते. वसुलीची फेरी आणि घरपोच माल पोचवण्याची फेरी एकाच दिवशी घालता येते. एखाद्या पाड्यावरची सगळीच खाती एकदम थकली, तर ते एकेका माणसाच्या नियतीचे प्रकरण नसते. तिथले पीक गेले असावे किंवा मजुरी अडली असावी, हे त्या एका ओळीवरून कळते आणि पुढच्या हंगामात माल भरताना ते उपयोगी पडते.

तिसरी अडचण मापाची. बारकोडचे सगळे जग पॅकबंद वस्तूंचे आहे. इथल्या दुकानात निम्मा धंदा सुट्या मालाचा असतो: ५० किलोचा साखरेचा कट्टा येतो आणि पावशेर, अर्धा किलो, किलो असा फुटतो. नोंद कट्ट्याने आली आणि विक्री किलोने गेली की साठा जुळत नाही, मग कंटाळून साठ्याचा अहवाल पाहणेच सोडले जाते. यासाठी मालाच्या खात्यावर मूळ एकक किलो ठेवून पर्यायी एकक कट्टा द्यावे. कट्टा फोडताना साठा-रूपांतराची नोंद करावी आणि फोडताना होणारी तूट त्याच नोंदीत दाखवावी. महिन्याभरात तुटीची बेरीज दिसू लागते आणि सुटा माल विकण्याची खरी किंमत कळते. एककांच्या व्याख्येत काळजी का घ्यावी लागते, याचे उत्तम उदाहरण युरिया आहे. २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली. ज्याने ‘एक गोणी म्हणजे ५० किलो’ हे समीकरण तसेच ठेवले, त्याचा किलोतला साठा त्या दिवसापासून चुकत गेला. ज्याने समीकरणच बदलले, त्याच्या जुन्या वर्षांचे आकडे मागे जाऊन खोटे झाले. बरोबर मार्ग नव्या गोणीसाठी वेगळे खाते उघडण्याचा होता. जुन्या नोंदीचा अर्थ बदलेल असा फेरफार करायचा नाही, नवी गोष्ट नव्या नावाने नोंदवायची, हा नियम वजन, पॅकिंग, दर या सगळ्यांनाच लागू पडतो.

खतांच्या दुकानात नोंदीचे महत्त्व कायद्यानेच शिकवले आहे. खतावरचे अनुदान आता कंपनीला माल दुकानात पोचला म्हणून मिळत नाही. आधारची ओळख पटवून दुकानदाराने पॉस यंत्रावर शेतकऱ्याला विक्री नोंदवली की मिळते. ही पद्धत २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. त्यामुळे कृषी सेवा केंद्रात एकाच युरियाचे तीन साठे असतात: पॉस यंत्रातला, बिलाच्या सॉफ्टवेअरमधला आणि गोदामात रचलेला. लावणीच्या गर्दीत गोणी आधी दिली आणि अंगठा नंतर घ्यायचा राहिला, किंवा एका घरच्या गोण्या दुसऱ्याच्या आधारवर गेल्या, तर हे तीन आकडे फाकतात. तपासणीत सापडल्यावर त्याचे उत्तर देणे कठीण असते. रोज संध्याकाळी तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिणारा साधा तक्ता असला तर फरक त्याच दिवशी शोधता येतो. सॉफ्टवेअर असा तक्ता आपणहून देत नाही, कारण पॉस यंत्राची त्याला खबर नसते. मात्र रोजचा साठा एक्सेलमध्ये काढून त्यात दोन रकाने हाताने भरणे हे दहा मिनिटांचे काम आहे. अहवाल आपल्यासारखा करून घेणे याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच साधा असतो.

रुपयांत मोजलेली विक्री किती फसवते, हे २२ सप्टेंबर २०२५ ने दाखवले. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे अशा रोजच्या वस्तूंवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छापील किमती उतरल्या. पूर्वीइतक्याच वड्या विकूनही रुपयांतली विक्री कमी दिसणे त्यानंतर साहजिक होते. अहवालात नग, करपूर्व मूल्य आणि नफा हे तीन रकाने असतील तरच धंदा घटला की भाव घटला हे वेगळे काढता येते. इथले कित्येक छोटे दुकानदार कंपोझिशन योजनेत आहेत. वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर व्यापाऱ्याला एक टक्का कर भरून मोकळे होता येते आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्यांना बिलात कराचे रकाने लागत नाहीत, मग पडदा कराने भरलेला का ठेवायचा? टॅलीत एफ-११ आणि एफ-१२ या कळांनी नको असलेले रकाने बंद आणि हवे ते चालू करता येतात. विक्रीचे वेगवेगळे व्हाउचर-प्रकार करून रोख, उधार, घरपोच आणि यात्रेतले दुकान यांची बिले स्वतंत्र क्रमाने छापता येतात. जीएसटीच्या नियमांत बिलांच्या एकापेक्षा अधिक मालिका ठेवायला मुभा आहे. क्रम सलग असावा आणि क्रमांक सोळा अक्षरांच्या आत असावा, एवढीच अट. ही मालिका वेगळी ठेवली की म्हशाला लावलेल्या दुकानाचा नफा-तोटा भाडे-हमालीसकट स्वतंत्र दिसतो.

वेगळ्या मालिकेचा उपयोग रस्त्यावरच्या दुकानांना अधिक होईल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नाशिककडे जाणाऱ्या वाहनांना जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याला पर्याय मिळाला. खर्डी-कसाऱ्याकडच्या एखाद्या दुकानाची विक्री यानंतर घटली तर ती वाटसरूंची घटली की गावकऱ्यांची, यावर पुढचा निर्णय अवलंबून आहे. पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स कमी भरायचे, की गावच्या किराण्याची भाव-स्पर्धा हाताळायची? बिल करताना ‘वाटसरू’ आणि ‘गावचे’ एवढा एक फरक नोंदवलेला असेल तर उत्तर मिळते. पावसाळ्यात माळशेजच्या वाटेवर पर्यटकांवर पोट भरणाऱ्या मुरबाडकडच्या दुकानांनाही हाच फरक लागेल. रस्ता खुला झाल्यावर ही नोंद सुरू करून काही हाती लागत नाही, कारण आधीचे चित्र उपलब्धच नसते.

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित नोंद न झालेल्या विक्रीची. गिऱ्हाईक कर्जत-३ चे बियाणे मागते, ते नसते, ते निघून जाते. विक्रीच्या कोणत्याही अहवालात या घटनेचा मागमूस राहत नाही; उलट बियाण्याची विक्री शून्य म्हणून पुढच्या वर्षी ते मागवलेच जात नाही. टॅलीत मेमोरँडम नावाचे व्हाउचर आहे. त्याचा जमाखर्चावर आणि साठ्यावर काही परिणाम होत नाही. त्यात ‘मागितले, नव्हते’ एवढी नोंद करत गेले, तर हंगामाच्या शेवटी मागणीची यादी तयार असते. ही नोंद लवकर व्हावी म्हणून मालाच्या खात्यावर टोपणनावे घालून ठेवावीत: कंपनीचे नाव, गावात चालणारे नाव, जातीचा क्रमांक. यांतले कोणतेही लिहिले तरी तोच माल सापडला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी दुकानदाराकडून: हे सगळे डोक्यात असते, त्याला यंत्र कशाला? तो अगदीच खोटा नाही. शे-दोनशे खाती आणि त्यामागची माणसे सांभाळणारी स्मरणशक्ती या धंद्यात पिढ्यान् पिढ्या दिसते. पण जुन्या व्यापाऱ्यानेही केवळ स्मरणावर भिस्त ठेवली नव्हती. त्याने तारखेने रोजकीर्द लिहिली आणि माणसानुसार खतावणी, म्हणजे एकच घटना दोन अंगांनी पाहण्याची सोय केली. स्मरणात मोठी बाकी आणि शेवटचा वाद ठसठशीत राहतो. फळीवर दोन वर्षे पडून राहिलेला माल आणि न बोलता निघून गेलेले गिऱ्हाईक राहत नाही. शिवाय स्मरणशक्ती मालकाबरोबर आजारी पडते आणि मुलाच्या हाती वारशाने येत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. बाजाराच्या दिवशी दारात गर्दी असताना गाव, वायदा, प्रवर्ग लिहीत कोण बसणार? म्हणूनच वर सुचवलेले बहुतेक बदल बिलाच्या क्षणी करायचे नाहीत. गाव गिऱ्हाइकाच्या खात्यात एकदाच जाते, निमित्त मालाच्या खात्यात एकदाच. बिलाच्या वेळी वाढते ते देय तारखेचे एक उत्तर, तेही उधारीलाच, आणि रस्त्यावरच्या दुकानात ‘वाटसरू’ की ‘गावचे’ एवढी एक निवड. ज्या नोंदीसाठी हाताला रोज थांबावे लागते, ती महिन्याभरात खोटी भरली जाऊ लागते. खोटी नोंद ही कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट. खर्चाच्या आक्षेपालाही हाच क्रम उत्तर देतो. आधी सॉफ्टवेअरमधल्या तयार कळा वापराव्यात, मग एक्सेल, आणि दोन हंगाम त्याच प्रश्नाला एक्सेलमध्ये हाताने उत्तर काढावे लागले, तरच टीडीएल या टॅलीच्या भाषेत नवा अहवाल लिहून घ्यावा. असे जोडकाम लिहिणाऱ्याकडून ते कसे चालते याचा कागद घ्यावा, कारण मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जोडकाम अडू शकते आणि तेव्हा लिहिणारा उपलब्ध असेलच असे नाही.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही: जितके लिहू तितके कर खात्याच्या हाती. इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. गाव, हंगाम, वायदा या माहितीवर कर लागत नाही. कर लागतो तो विक्रीवर, आणि खरेदीची बाजू घाऊक व्यापाऱ्याच्या विवरणपत्रातून व यूपीआयची बाजू बँकेतून आधीच दिसत असते. अपुऱ्या नोंदीने दुकानदार लपत नाही. विचारणा झाली तर आपली बाजू मांडायला त्याच्याकडे कागद नसतो, इतकेच.

चौथा आक्षेप मात्र दुकानदाराच्या सोयीपलीकडचा आहे. गावनिहाय, वायदेनिहाय उधारीची यादी ही गरीब गिऱ्हाइकावरची सत्ताही असते. या जिल्ह्याला तिचा इतिहास आहे: वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी त्यानंतरच्या दशकांत श्रमजीवी संघटनेला ठाण्याच्या आदिवासी भागात कर्जापोटी बांधलेल्या मजुरांसाठी लढावे लागले. कर्जाचा आकडा एकाच बाजूकडे लिहिलेला असणे, हे त्या बांधिलकीचे एक हत्यार होते. म्हणून नोंद सुधारताना तिची दुसरी बाजूही सुधारली पाहिजे. खात्याचा उतारा मागितल्यावर छापून मिळावा, बाकीचा निरोप मोबाइलवर मराठीत जावा, दुरुस्ती कोणी आणि कधी केली याची नोंद राहावी. अशा फेरफार-नोंदीची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना आहे, एकट्या मालकाच्या दुकानाला नाही. पण सोय असेल तर ती चालू ठेवण्यात दुकानदाराचाही फायदा आहे, कारण वादात त्याचा शब्द टिकतो. जात, आजार, घरातली भांडणे असले काही खात्यावर लिहू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहेच, आणि कायदा नसता तरी धंद्याला या माहितीची गरज नाही.

राहता राहिले वीज आणि इंटरनेट, ज्यांच्यापायी धसईचा प्रयोग अडखळला. संगणकावर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय बिल करू शकते. नोंद दुकानातच साठते, फक्त तिची प्रत रोज दुसरीकडे ठेवावी लागते. त्यामुळे रेंज नाही हे कारण पैसे पाठवण्याला जितके लागू होते, तितके नोंद ठेवण्याला होत नाही. खरा प्रश्न ही नोंद दुकानदाराला काही परत देते का, हाच राहतो. त्यासाठी अहवालांची संख्या वाढवून उपयोग नाही. हंगामाच्या सुरुवातीला तीन-चार प्रश्न कागदावर लिहावेत, त्यांना लागणारी माहिती खात्यांत आहे का ते तपासावे, नसेल तर तेवढीच भरावी. हंगाम संपल्यावर पाहावे की कोणत्या अहवालामुळे एखादी ऑर्डर बदलली, एखादी वसुली वेळेवर झाली किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला विनाकारण तगादा लावणे टळले. असे काही घडले असेल तो अहवाल ठेवावा, बाकीचे बंद करावेत आणि त्यांच्यासाठी भरले जाणारे रकानेही काढून टाकावेत.